औषध खिडकीपर्यंत पोचते का?

जिल्हाधिकारी म्हणून काम करीत असताना एका जिल्हा रुग्णालयाच्या तपासणीचा प्रसंग मला आजही आठवतो. गोष्ट १९९० च्या दशकाच्या अखेरीची. जिल्हा महाराष्ट्राबाहेरचा, हिंदी भाषक. त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या काळी देशातील बहुतेक जिल्ह्यांत असेच चित्र दिसले असते.

औषध वाटपाच्या खिडकीपुढे एक वृद्धा उभी होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर चार औषधे लिहिली होती. त्यांतले एक तिला मिळाले. उरलेल्या तिघांपुढे निळ्या शाईने ‘बाहर से’ असे लिहून चिठ्ठी परत देण्यात आली. त्या तिघांत रक्तदाबाची गोळी होती, म्हणजे ज्या आजारासाठी ती बारा मैलांवरून आली होती त्याचेच औषध नव्हते. मी भांडाराची खोली उघडायला सांगितली. आत छताला टेकतील इतकी खोकी रचलेली होती. एकाच प्रकारचे इंजेक्शन, त्या रुग्णालयाला कित्येक वर्षे पुरेल एवढे, आणि त्याची मुदत संपायला जेमतेम तीन महिने उरलेले. रक्तदाबाची गोळी मात्र पाच महिन्यांपासून शून्य.

मी भांडारपालाला विचारले, “जे लागते ते तुम्ही मागवत का नाही?” तो शांतपणे म्हणाला, “साहब, हम माँगते नहीं। जो आता है, वही बाँटते हैं।”

तो माणूस कामचुकार नव्हता. त्याची साठा नोंदवही मी पानोपान पाहिली. एकही नोंद चुकलेली नव्हती, एकही बाटली हिशेबाबाहेर नव्हती. राज्याच्या राजधानीत कोणीतरी खरेदी करीत असे, मार्च अखेरीस अनुदान खर्ची टाकण्यासाठी ती घाईने होत असे, आणि जे खरेदी झाले ते सर्व जिल्ह्यांना सारख्या प्रमाणात वाटले जात असे. त्या वृद्धेला काय हवे आहे, हे खालून वर कळवण्याची सोयच कोणी केलेली नव्हती. तपासणीच्या अहवालात मी ताशेरे ओढले, त्यावर खुलासा मागवला गेला, खुलासा आला, आणि प्रकरण दप्तरी दाखल झाले. ती गोळी केव्हा आली, हे मला कधीच कळले नाही.

सार्वजनिक आरोग्याच्या प्रगतीविषयी लिहिताना मी या प्रसंगापासून सुरुवात केली, याचे कारण सांगतो. आपल्याकडे प्रगती मोजताना किती रुग्णालये बांधली, किती खाटा वाढल्या, किती वैद्यकीय महाविद्यालये उघडली हे प्रथम सांगितले जाते. या गोष्टी आवश्यक आहेतच. परंतु रुग्णाच्या दृष्टीने सरकारी दवाखाना म्हणजे शेवटी ती खिडकी असते. तिथे औषध मिळाले तर दवाखाना चालू आहे, न मिळाले तर इमारत कितीही नवी असली तरी तो बंद आहे. माझ्या मते सार्वजनिक आरोग्यसेवेच्या प्रगतीची सर्वांत साधी आणि सर्वांत खरी कसोटी हीच आहे.

देशाने प्रगती केलेली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एक लाख जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २००१-०३ मध्ये ३०१ होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. एक हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू २००५ मध्ये ५८ होते, २०२० मध्ये २८ झाले. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण ३८.७ टक्के होते, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ते ८८.६ टक्के आढळले. पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात सापडला, आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. २००५ साली सुरू झालेले राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान, गावोगावच्या आशा कार्यकर्त्या आणि परिचारिका यांचा या यशात फार मोठा वाटा आहे.

मात्र हे यश नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. बाळंतपण असो वा लस, ही कामे ठरलेल्या दिवशी, मोहिमेच्या पद्धतीने करता येतात. मोहिमेत आपले प्रशासन तरबेज आहे. निवडणूक, जनगणना, कुंभमेळा आपण पार पाडतो. खरी परीक्षा होते ती ज्या कामाला शेवटचा दिवस नसतो त्यात. रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी रोज लागते, जन्मभर लागते. ती देण्यासाठी मोहीम उपयोगी पडत नाही, नित्याची व्यवस्था लागते.

शिवाय प्रश्न पैशाचाही आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्य खर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के झाला. हा हिस्सा मोजण्याच्या पद्धतीबद्दल अर्थतज्ज्ञांत मतभेद आहेत, तरी एका गोष्टीवर सहसा दुमत नसते. खिशातून जाणाऱ्या या पैशात औषधांचा वाटा सर्वांत मोठा असतो. शस्त्रक्रियेच्या खर्चाने कुटुंब एकदम खचते, ते सर्वांना दिसते. महिन्याच्या गोळ्यांनी ते हळूहळू खचते, आणि म्हणून ते कोणाच्या नजरेत भरत नाही.

आता या प्रश्नाचे उत्तर कोणी शोधले, ते पाहू.

तामिळनाडू शासनाने १९९४ साली औषध खरेदीसाठी एक स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. तामिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळ हे त्याचे नाव. त्यामागे तत्कालीन आरोग्य सचिव आर. पूर्णलिंगम यांची दृष्टी होती. १९९५ च्या प्रारंभी काम सुरू झाले. त्याच सुमारास दिल्लीतही प्राध्यापक रणजित रॉय चौधुरी यांच्या मार्गदर्शनाखाली अत्यावश्यक औषधांची यादी करून खरेदी सुधारण्याचा प्रयत्न झाला. पण ज्या व्यवस्थेचे पुढे इतर राज्यांनी अनुकरण केले ती प्रामुख्याने तामिळनाडूची.

ती व्यवस्था समजायला सोपी आहे. पहिली गोष्ट यादीची. बाजारात हजारो नावांची औषधे असली तरी बहुसंख्य रुग्णांना लागणारी औषधे काही शेच असतात, हा विचार जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीच्या रूपाने मांडला होता. तामिळनाडूने तशी मर्यादित यादी केली आणि खरेदी मूळ रासायनिक नावाने, म्हणजे जेनेरिक नावाने, सुरू केली. साऱ्या राज्याची गरज एकत्र करून निविदा काढल्यामुळे दर खाली आले. आधी कंपनीची तांत्रिक पात्रता तपासायची आणि नंतरच दराचा लखोटा उघडायचा, हा नियम झाला.

दुसरी गोष्ट गुणवत्तेची. कंपनीने माल थेट जिल्ह्याच्या गोदामात पोचवायचा. प्रत्येक खेपेचे नमुने काढायचे, त्यांवरचे उत्पादकाचे नाव झाकून सांकेतिक क्रमांक टाकायचा आणि ते प्रयोगशाळेकडे पाठवायचे. अहवाल चांगला आला तरच ती खेप रुग्णालयाकडे जाणार आणि तरच देयक अदा होणार. पूर्वी मोठ्या डब्यांतून सुट्या गोळ्या येत आणि कागदाच्या पुडीत बांधून दिल्या जात. त्यांची जागा पट्टीबंद गोळ्यांनी घेतली, आणि पट्टीवर शासनाची खूण आल्याने सरकारी माल खाजगी दुकानात विकणे अवघड झाले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक रुग्णालयाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला एक पासबुक देण्यात आले. वर्षभरात किती रकमेची औषधे उचलता येतील ते त्यात लिहिलेले. बँकेच्या खात्यातून पैसे काढावेत तसे दवाखान्याने आपल्या गरजेप्रमाणे गोदामातून औषध उचलायचे आणि नोंद करून घ्यायची. जिथे सर्पदंश जास्त तिथे सर्पदंशाची लस जास्त उचलली जाईल, जिथे वृद्ध जास्त तिथे रक्तदाबाच्या गोळ्या. गोदामे पहिल्यापासून संगणकाने जोडलेली असल्यामुळे कुठे साठा कमी होतो आहे हे चेन्नईत कळे.

माझ्या भांडारपालाचे ते वाक्य इथे आठवावे. तामिळनाडूने पासबुक देऊन नेमके ते वाक्य उलटे केले. जो वाटतो, तोच मागणार. प्रशासनात आपण विकेंद्रीकरण हा शब्द फार वापरतो. पण खरेदी एकत्र आणि निवड खाली, अशी विभागणी इतक्या साध्या साधनाने केल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात थोडीच आहेत.

हे केवळ दक्षिणेतच जमते, असे पुष्कळ वर्षे म्हटले जात असे. राजस्थानने ती समजूत खोडून काढली. डॉ. समित शर्मा यांनी चित्तोडगढचे जिल्हाधिकारी असताना सहकारी दुकानांतून स्वस्त जेनेरिक औषधे उपलब्ध करून दाखवली होती. २०११ साली राज्याने आपले वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केले, डॉ. शर्मा यांच्याकडे त्याची धुरा आली, आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून सरकारी दवाखान्यांत औषधे मोफत देणारी योजना सुरू झाली. जिल्हा गोदामे, गुणवत्ता तपासणी आणि साठ्याची नोंद ठेवणारी ‘ई-औषधी’ ही संगणक प्रणाली हा तिचा पाया होता. तिच्याहीपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे २०१३ मध्ये राज्यात सत्तांतर झाले तरी योजना टिकली. लोकांना खिडकीवर औषध मिळण्याची सवय झाली की ते बंद करणे कोणत्याही सरकारला परवडत नाही.

राष्ट्रीय पातळीवर २०११ साली डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने हीच दिशा सुचवली होती. औषधांवरील सार्वजनिक खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.१ टक्क्यावरून ०.५ टक्क्यापर्यंत न्यावा, असे त्याचे म्हणणे होते. त्यानंतर अनेक राज्यांनी महामंडळे काढली. मग सर्वत्र औषधे मिळू लागली का? दुर्दैवाने तसे झाले नाही. महालेखापरीक्षकांच्या राज्याराज्यांवरील अहवालांत लांबलेल्या निविदा, न आलेला पुरवठा आणि मुदतबाह्य साठा यांचे उल्लेख पुन्हा पुन्हा येतात.

याचे कारण माझ्या मते असे की आपण संस्थेचे नाव उचलतो, आतली रचना उचलत नाही. महामंडळाचा फलक लागतो, पण पुरवठादाराचे देयक वर्षभर थकते. मग चांगल्या कंपन्या निविदा भरत नाहीत आणि जे भरतात त्यांना पुढे विचारता येत नाही. गोदाम उभे राहते, पण तिथे प्रशिक्षित औषधनिर्माता नसतो. व्यवस्थापकीय संचालकाची वर्षाच्या आत बदली होते. खात्यातली खरेदी समिती मात्र आपला अधिकार सोडत नाही, म्हणून एकाच कामाला दोन धनी होतात. मी स्वतः शासकीय सेवेत असल्याने हे सांगताना मला संकोच वाटतो, पण खरेदीचा अधिकार सोडणे ही आमच्या खात्यांना सर्वांत जड जाणारी गोष्ट आहे.

गुणवत्तेच्या बाबतीत ढिलाई किती महाग पडते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदी, तपासणी आणि औषध नियंत्रण या तिन्ही पातळ्यांवरचे दोष निर्दयपणे दाखवून दिले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ साली, मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातील त्याच विषाने वीसहून अधिक मुलांचे बळी घेतले. ते औषध सरकारी पुरवठ्यातले नव्हते, तामिळनाडूतीलच एका खाजगी कारखान्याचे होते. म्हणजे खरेदीत आदर्श ठरलेल्या राज्यातही बाजारातल्या औषधांवरची देखरेख कमी पडली. माझ्या मते यातून एवढेच निघते की प्रत्येक खेप तपासल्याशिवाय रुग्णापर्यंत जाऊ न देण्याचा नियम ही चैन नव्हे. खाजगी बाजारात आज तशी हमी कोण देतो?

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की आता विमा आहे, मग औषधांची चिंता कशाला? २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत विमा योजना पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते, आणि गंभीर आजारात तिचा मोठा आधार आहे. पण ते संरक्षण रुग्णालयात भरती झाल्यावरचे आहे. रोजची गोळी त्यात येत नाही. आणि रोजची गोळी चुकली की पक्षाघात, मूत्रपिंडाचा विकार, डायलिसिस अशी भरती होण्याची वेळ येते. गोळीवर वाचवलेले पैसे शासनाला विम्यात अनेक पटींनी भरावे लागतात.

दुसरा आक्षेप असा की फुकट औषध हलकेच असणार. हा आक्षेप बहुधा सुशिक्षितांकडून येतो. मूळ नावाने घेतलेले आणि तपासलेले औषध गुणाने कमी नसते. कमी असते ती त्याची जाहिरात. मात्र हा विश्वास भाषणांनी निर्माण होत नाही. तपासणीचे निकाल, बाद झालेल्या खेपा आणि काळ्या यादीतील कंपन्या शासनाने उघडपणे प्रसिद्ध करत राहिले पाहिजे.

व्यवस्था पक्की झाली की तिच्यावर पुढचे मजले चढवता येतात. २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्रासह पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. त्यात सर्व डॉक्टरांनी ठरलेल्या मोजक्या औषधांनीच उपचार सुरू करायचे, ही मुख्य कल्पना होती. त्यामुळे खरेदी सोपी झाली आणि रुग्णाला एका वेळी महिन्याची औषधे देता येऊ लागली. तामिळनाडूने तर ऑगस्ट २०२१ पासून रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे रुग्णाच्या दारात नेऊन देण्यास सुरुवात केली. ज्या राज्याने १९९५ मध्ये गोदामे जोडली, त्यालाच २०२१ मध्ये हे धाडस सुचले.

महाराष्ट्राने या मार्गावर उशिरा पाऊल टाकले. २०१७ मध्ये खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे देण्यात आले. २०२३ मध्ये स्वतंत्र कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निर्माण झाले, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले. हे दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. पण निःशुल्क या शब्दाला खिडकीमागच्या साठ्याशिवाय किंमत नाही. प्राधिकरणाला मनुष्यबळ, वेळेवर पैसा आणि किमान तीन वर्षे न हलणारा प्रमुख मिळतो का, यावर त्याचे भवितव्य ठरेल.

हे मी मुद्दाम महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी लिहीत आहे. आपण इंदूर, हैदराबाद, दिल्लीत असू किंवा परदेशात असू, आपल्यापैकी अनेकांचे आईवडील, काकाकाकू गावी आहेत. आपण त्यांना औषधांसाठी पैसे पाठवतो आणि कर्तव्य पार पडले असे मानतो. पण त्यांच्या शेजारच्या घरी पैसे पाठवणारे कोणी नसते. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात अवश्य जा. रक्तदाब आणि मधुमेहाच्या औषधांचा साठा आज किती आहे, गेल्या सहा महिन्यांत तो किती दिवस शून्य होता, एवढेच विचारा. उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांशी बोला. मी तपासणीचे अनेक अहवाल लिहिले आहेत आणि त्यांचे काय होते तेही पाहिले आहे. एका गावातल्या दहा माणसांनी दर महिन्याला हाच प्रश्न विचारला, तर त्याला मात्र दप्तरी दाखल करता येत नाही.

ती वृद्धा त्या दिवशी चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानाकडे गेली नाही. तिने ती घडी करून पदराला बांधली आणि बसथांब्याकडे चालू लागली. तिच्याजवळ परतीच्या भाड्यापुरतेच पैसे असावेत. प्रगतीचे आकडे वाचताना ती चिठ्ठी माझ्या डोळ्यांपुढे येते, आणि आज तिच्या जागी कोणी उभे असेल तर त्याच्या चिठ्ठीवर काय लिहिले जात असेल, हाच प्रश्न मला त्या आकड्यांहून महत्त्वाचा वाटतो.